मंगळवेढ्याचंच पान का उडतं?

८ डिसेंबर

दुसरा सर्व्हर आज चालू केला. सोलापुरात टॉवेलच्या दुकानावरच्या आमच्या ऑफिसात उदयसिंह सरांनी पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "विरेश हाय म्हनून मला झोप लागती." सर मूळचे माढ्याचे. स्तुती आणि शिव्या दोन्ही सढळ हातानं देतात. आज स्तुतीचा दिवस होता, तो लिहून ठेवायलाच हवा.

काम पशुपालक संघाचं आहे. मेंढ्या-शेळ्यांच्या लसीसाठी नोंदणी. तालुक्याच्या गावी सेंटर असतं, मेंढपाळ तिथं येतो, ऑपरेटर विचारत विचारत फॉर्म भरतो, आणि फॉर्ममध्ये जेवढी जनावरं तेवढ्या लसी गाडीत चढतात. एका सर्व्हरला हे झेपेना, म्हणून दुसरा. जो फॉर्म उघडेल त्याला दोघांपैकी मोकळ्या सर्व्हरकडे पाठवायचं आणि पुढची काही मिनिटं त्याच्याकडेच ठेवायचं, ही व्यवस्था माझी. जुन्या सर्व्हरवरचं सगळं नव्यावर उचलून ठेवलं. एक सेटिंग 'आपोआप'वर होतं, ते तसंच राहू दिलं. आपोआप होतंय त्याला कशाला हात लावा?

आणखी एक सुधारणा. काही बिघडलं की स्क्रीनवर लांबलचक इंग्रजी पान यायचं. सर म्हणाले, गावाकडचा माणूस त्यानं घाबरतो. मी त्या जागी स्वच्छ मराठी वाक्य टाकलं : 'आपण चुकीची माहिती भरली आहे. कृपया लक्ष देऊन पुन्हा भरा.' ऱ्हस्व-दीर्घ सृष्टीकडून तपासून घेतलं. बायको शिक्षिका असण्याचा एवढा तरी फायदा. ही डायरीही तिनंच दिली. म्हणते, ऑफिसातलं जेवणाच्या ताटावर आणू नका, इथं लिहा.

१२ डिसेंबर

मंगळवेढा सेंटरचा फोन. सुकन्या नावाची ऑपरेटर आहे, नवीनच लागलेली.

"सायेब, मी सगळं भरते, बटन दाबते, आन पान उडतंय. चुकीची माहिती म्हणतंय. काय चुकलं ते सांगतच न्हाय."

मी म्हटलं, काहीतरी चुकत असेल. नाव, गाव, मोबाईल नंबर, नीट बघा.

"नीटच बगते की ओ."

इथं बसल्या बसल्या मी फॉर्म भरून पाहिला. नाव 'टेस्ट', गाव 'टेस्ट', मेंढ्या दहा. बटण दाबलं, पान सुरळीत पुढं गेलं. पुन्हा भरला, पुन्हा गेलं. सिस्टीम उत्तम आहे.

१५ डिसेंबर

पुन्हा तीच. माढ्याहून तक्रार नाही, सांगोल्याहून नाही, अक्कलकोटहून नाही. मंगळवेढ्याचंच पान का उडतं? मंगळवेढ्याला वेगळा वारा आहे काय? मी जरा चढ्या आवाजात बोललो. ती "व्हय सायेब" म्हणून गप्प बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१८ डिसेंबर

सरांनी पाठवलं म्हणून आज एसटीनं मंगळवेढ्याला गेलो. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेला लागलेली.

सेंटर म्हणजे एक खोली, टेबल, कॉम्प्युटर आणि बाहेर सिमेंटचा बाक. सुकन्या वयानं लहानच, विशीतली. टेबल लख्ख पुसलेलं. बाकावर तिचे वडील बिरप्पा बसले होते. पागोटं, खांद्यावर घोंगडं. मेंढ्या भावाकडे सोडून मुलीचं ऑफिस बघायला आले होते. मला रामराम करून म्हणाले, "आमच्या सात पिढ्यांत खुर्चीवर बसून काम करनारी ही पयलीच."

मी उभं राहून तिचं काम पाहिलं. समोर केराबाई नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळ बाई. सुकन्यानं फॉर्म उघडला, नाव घातलं, गाव घातलं, आणि मग नुसत्या गप्पा! सुनेचं बाळंतपण झालं का, यंदा चाऱ्याला कुठं जाणार, गुडघ्याचं कसं आहे. चहा मागवला. मी घड्याळ बघतोय, मागं माणसं खोळंबलीत, फॉर्म उघडा तो उघडाच.

मी विचारलं, "आजी, मेंढ्या किती?"

म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चारचौघांत तिचं वय विचारलं. "हायती की, देवाच्या किरपेनं."

सुकन्या हळूच म्हणाली, "सायेब, आकडा असा तोंडावर इचारायचा नस्तो. मेंढराला दिष्ट लागती म्हनत्यात. बसलं, बोललं की मग आपनहून कानात सांगत्यात."

चहा संपल्यावर म्हातारी वाकली आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. सुकन्यानं आकडा टाकून बटण दाबलं. 'आपण चुकीची माहिती भरली आहे.' सगळा फॉर्म कोरा.

आकडा दुसऱ्यांदा सांगायला म्हातारी तयार होईना. एकदा सांगितला तेच फार झालं म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली. तिच्यामागं आणखी दोघं उठले.

मी सुकन्याला बाजूला केलं. पुढच्या माणसाला झटपट विचारलं, टपटप टाइप केलं, बटण दाबलं. गेलं! लगेच दुसरा. तोही गेला. मग मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "बघितलंत? कॉम्प्युटर चुकत नाही, माणूस चुकतो. गप्पा मारत फॉर्म भरला की असंच होणार. लक्ष कामात ठेवा."

ती खाली बघत "व्हय" म्हणाली. बिरप्पा दारात येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. जाताना त्यांनी पुन्हा रामराम केला, पण माझ्याकडे बघून नाही.

सिद्ध झालं ते सिद्ध झालं. त्यात माझा काय दोष?

२२ डिसेंबर

मंगळवेढ्याची नोंदणी सगळ्यांत मागं. संघाचे चेअरमन चिडलेत. सर म्हणाले, "कारन लेखी दे, एका वळीत." मी लिहिलं : सिस्टीम व्यवस्थित, मंगळवेढा सेंटरच्या ऑपरेटरकडून माहिती भरताना वारंवार चुका.

वारंवार हा शब्द एकदा खोडला, मग परत घातला. सरांनी वाचून मान डोलावली.

२७ डिसेंबर

सुकन्याला काढलं. तिच्या जागी माढ्याचा अभिमन्यू नावाचा मुलगा. त्यानं पहिल्याच दिवशी रांग संपवली. मी फोन केला तर म्हणतो, "लई सोपं हाय सर. आकडा सांगा, न्हायतर बाजूला व्हा. पुढचा!"

एकही पान उडालं नाही. म्हणजे माझा रिपोर्ट बरोबर होता. सरांनी आज पुन्हा पेढे आणले. मला का कोण जाणे, गोड नको वाटलं. पित्त असेल.

३१ डिसेंबर

संघातून नवीनच कटकट. मंगळवेढ्याकडे गेलेल्या गाडीत लसी कमी पडल्या. केराबाईंच्या निम्म्या कळपाला टोचलं आणि बाटल्या संपल्या. अभिमन्यूच्या रांगेत त्यांनी म्हणे "असतील ईस-तीस" असं सांगितलं होतं. बऱ्याच जणांनी तसंच सांगितलंय. दिसेल तो आकडा आणि असेल तो आकडा यांचा मेळ नाही. निम्मा कळप टोचलेला, निम्मा तसाच, आणि आठ-दहा दिवसांत ही माणसं चाऱ्यामागं घाटाखाली निघणार.

सर म्हणाले, खोटं सांगतात त्याला आपन काय करनार? मीही म्हणालो, काय करणार.

पण त्या म्हातारीनं सुकन्याच्या कानात खरा आकडा सांगितला होता, तो सांगताना मी स्वतः पाहिलं होतं. आकडा ऐकला नव्हता, सांगणं पाहिलं होतं.

२ जानेवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी एका गावाचं नाव यादीत नीट दिसतं का ते बघायला फॉर्म उघडला. नाव घातलं, गाव घातलं. तेवढ्यात घरून आईचा, अव्वाचा फोन. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला मंगळवेढ्याचे की अक्कलकोटचे कोण पाहुणे येणार, कुणाला कुठं झोपवायचं, मागच्या वर्षी कोण रुसलं होतं. अव्वाचा फोन म्हणजे पाऊण कीर्तन. हो-हो करत ऐकलं, फोन ठेवला, आणि बटण दाबलं.

'आपण चुकीची माहिती भरली आहे. कृपया लक्ष देऊन पुन्हा भरा.'

माझंच वाक्य. माझ्याच तोंडावर. मी नाव बघितलं, गाव बघितलं. सगळं बरोबर होतं. मग मी त्या वाक्यामागं झाकलेला खरा इंग्रजी मजकूर काढून वाचला. इतके दिवस वाचला नव्हता. व्ह्यूस्टेटची, म्हणजे फॉर्मबरोबर जाणाऱ्या खुणेची, पडताळणी झाली नाही, अनेक सर्व्हर असतील तर सगळ्यांवर एकच किल्ली ठेवा, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. उपायासकट! आणि मी त्यावर पांघरूण घालून वर शुद्धलेखन तपासून घेतलं होतं.

ते 'आपोआप'चं सेटिंग. प्रत्येक सर्व्हर आपापली किल्ली आपोआप बनवतो. दोघांच्या दोन किल्ल्या. फॉर्म पटकन भरला तर तो दिला त्याच सर्व्हरकडे परत जातो आणि चालतो. मध्ये वेळ गेला की माझी ती 'काही मिनिटं' संपतात, पान दुसऱ्याकडे जाऊ शकतं, आणि दुसरा ते ओळखत नाही, फेकून देतो. ज्याला घाई त्याचं जातं. जो माणसाला बसवून चहा पाजतो त्याचं उडतं.

दोन्हीकडे एकच किल्ली टाकली. काम चहा निवायच्या आत झालं. मग कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. टॉवेलच्या दुकानातला माणूस वर येऊन विचारून गेला, बरं नाही का.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

३ जानेवारी

सृष्टीला सांगितलं. तिला किल्ली-बिल्ली कळेना, म्हणून दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलं. सर्व्हर फॉर्म देताना त्यावर आपला शिक्का मारतो, परत आला की शिक्का बघतो. दोघांचे शिक्के वेगळे होते.

ती म्हणाली, "म्हणजे एका खिडकीनं टोकन दिलं आणि दुसरीनं ते फाडून टाकलं. यात रांगेत उभं राहिलेल्याचं काय चुकलं?"

"काही नाही."

"आणि तुम्ही त्या मुलीला घालवलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी."

मी म्हटलं, मी नाही घालवलं, संघानं घालवलं. ती पोळ्या लाटत राहिली. मग म्हणाली, "ते वाक्य मी तपासलं होतं. मला वाटलं, खरंच चूक असली तरच दाखवणार असाल."

५ जानेवारी

सरांना सांगितलं. सर आधी दार लावून आले.

"झालं न्हवं दुरुस्त? मग गप बस की. लिही, सर्व्हर अपग्रेड केला. संघाला कळलं तर पुढचं काम जातंय आपलं. आन पोरीचं म्हनशील तर मी चेअरमनला सांगतो, एक संधी द्या म्हनून. तुझ्या नावानं सांगतो. मन मोठं हाय म्हनतील तुझं."

मला 'नाही' म्हणायचं होतं. मी "बरं" म्हणालो. लिहिलंही : सर्व्हर अपग्रेड पूर्ण.

ते मराठी वाक्य काढून टाकलं. त्या जागी लिहिलं : 'आमच्याकडून अडचण आली आहे. तुमची चूक नाही.' आता हे पान कुणाला दिसणारच नाही. दिसायचं तेव्हा दिसलं नाही.

८ जानेवारी

सुकन्याला परत घेतलं, अभिमन्यूला माढ्याला पाठवलं. तिचा फोन आला. मी दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला.

"सायेब, तुमी शबुद टाकला म्हनून घेतलं मला. चेअरमनसायेब म्हनाले, विरेशसायबांनी पदरात घेतलं तुला, आता चुकू नकोस. मी आता लई ध्यान दिऊन भरते. एकेक अक्षर दोनदा बगते. एक बी पान उडलं न्हाय बगा."

मी म्हणालो, "छान."

छान! 

११ जानेवारी

एसटीच्या कंडक्टरबरोबर मंगळवेढ्याहून पिशवी आली. कोवळा हुरडा, आणि फडक्यात बांधलेली शेंगाची चटणी. बिरप्पांनी पाठवलेलं. निरोप असा, की पोरीला सांभाळून घेतलं, गरिबाचं एवढं गोड करून घ्यावं.

अव्वानं हुरडा भाजला. पाहुणे तुटून पडले. असला हुरडा सोलापुरात मिळत नाही म्हणाले. मी हात लावला नाही. अव्वा म्हणाली, "विरू, खा की, एवढं मायेनं पाठवलंय." मी पोटाचं कारण सांगितलं. सृष्टी माझ्याकडे बघत होती.

१४ जानेवारी

गड्डा. नंदीध्वज निघाले, पांढऱ्या बाराबंदीत मीही सगळ्यांबरोबर चाललो. दरवर्षी काही ना काही मागतो. यंदा मागायला तोंड नव्हतं.

१९ जानेवारी

आज सरांना न विचारता मंगळवेढ्याला गेलो. एसटीत सबंध वाट वाक्यं जुळवत होतो. 'तांत्रिक कारणामुळे' अशी एक सुरुवात होती, 'खरं सांगायचं तर' अशी दुसरी. तिथं पोचल्यावर दोन्ही गेली.

सेंटरमध्ये माणसं होती. सुकन्या मला बघून उठून उभी राहिली. तिच्या मागं भिंतीवर तिनं स्वतःच्या ठळक अक्षरात कागद लावला होता : 'कॉम्प्युटर चुकत नाही, माणूस चुकतो.' खाली छोट्या अक्षरात माझं नाव.

मी म्हणालो, "तो कागद काढा."

"का ओ सायेब? रोज वाचते मी."

"काढा. ते खोटं आहे. तुमचं काहीच चुकलं नव्हतं, सुकन्याताई. एक बी अक्षर चुकलं नव्हतं. दोन सर्व्हरना एकच किल्ली लावायची असते, ती मी लावली नव्हती. थोडा वेळ गेला की पान उडायचं. तुम्ही माणसांना वेळ देत होता, म्हणून तुमचंच उडायचं. आणि मी लेखी दिलं की तुम्ही चुकता. तुम्हाला परत घेतलं ते माझ्या उपकारानं नाही. तुम्हाला काढलंच माझ्यामुळं."

  मग तिनं विचारलं, "म्हंजे मी बरुबर व्हते?"

"हो."

"पयल्यापास्नं?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा 'जाऊ द्या सायेब' म्हणेल. खरं सांगतो, 'जाऊ द्या' ऐकायलाच मी एवढ्या लांब गेलो होतो. ती तसं म्हणाली नाही. तिनं मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढं धरला.

"हे आप्पास्नी सांगा. त्या दिवशी त्यांनी दारात ऐकलंय. तवापास्नं ते हितं येत न्हाईत."

पलीकडे वारा आणि मेंढरांचा कालवा. मी म्हणालो, "बिरप्पा, मी विरेश. सुकन्याचं काही चुकलं नव्हतं."

"कोन? मोट्यानं बोला!"

"सुकन्याचं चुकलं नव्हतं! माझं चुकलं होतं!"

"कुनाचं?"

"माझं! माझं चुकलं होतं!" मी ओरडलो. रस्त्यावरची दोन माणसं थांबून आत बघायला लागली. मी पुन्हा ओरडून सगळं सांगितलं, किल्ली, दोन सर्व्हर, काय काय. माझा मलाच आवाज चिरका वाटत होता.

पलीकडे मेंढरंच ओरडत होती. मग त्यांचा आवाज आला, "म्हंजे आपल्याच मेंढराच्या पाठीवरली खून आपल्याला वळखली न्हाय, आन राखनाऱ्या पोरीला चोर म्हनलो, आसंच न्हवं?"

"होय बिरप्पा. असंच."

"हं," ते म्हणाले. "हुरडा खाल्ला का?"

"नाही."

"बरं झालं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

सुकन्यानं मोबाईल घेतला. भिंतीवरचा कागद काढला, चार घड्या घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. फाडला नाही. मी म्हणालो, संघाला आजच खरं लेखी देतो, मग सर मला ठेवोत की काढोत. ती "द्या" म्हणाली, आणि खुर्चीत बसली.

पुढं केराबाई होत्या. राहिलेल्या निम्म्या कळपासाठी पुन्हा नोंदणी करायला आलेल्या, घाटाखाली जाणं त्यासाठी लांबवून. सुकन्यानं फॉर्म उघडला. नाव घातलं, गाव घातलं. "बसा आज्जी. च्या सांगते. गुडघा कसा हाय आता?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सायेब, तुमी जरा भाईर बसा. परक्याम्होरं आकडा सांगत न्हाईत त्या."

मी बाहेर येऊन सिमेंटच्या बाकावर बसलो, बिरप्पा बसले होते तिथंच. आत गप्पा चालल्या होत्या. चहा गेला, कप परत आले. एकदा म्हातारीच्या हसण्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि मग बटणाचा आवाज, आणि सुकन्या म्हणाली, "गेलं बगा आज्जी."

संध्याकाळी ऑफिसात येऊन संघाला लिहून पाठवलं, सगळं, माझ्या नावानं. सर अजून काही बोलले नाहीत. केराबाईंच्या नोंदीतला आकडा मला इथं बसून दिसला असता, एक बटण दाबायचं होतं. मी बघितला नाही.